कुठल्या पानावर पाठवायचं

"काका, जाहिरातीवर बोट लावलं की माणसाला कुठल्या पानावर पाठवायचं?" जाहिरातवालीने विचारलं. "एकच पान सांगा. दोन दारं दाखवली की माणूस आत येतच नाही."

प्रश्न साधा होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मोठ्या लेकीकडे बघितलं आणि मोठीने पंख्याकडे. आमच्या घरात साध्या प्रश्नाचं असंच होतं. खिडकी उघडू का विचारलं तरी समिती बसते. पूर्वी चौघांची बसायची, आता तिघांची.

जाहिरातवालीचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. हे जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत होते आणि भिंतीवरच्या पाट्या वाचल्याचं नाटक करत होते. "दातांचा डॉक्टर इथेच बसतो वाटतं," म्हणाले. दम लागलाय असं म्हणायला जीभ रेटत नाही ह्यांची. मी मागून ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरची पिशवी घेऊन चढत होते. म्हटलं, वाचा सावकाश, उद्या परीक्षा आहे तुमची.

ह्यांनी सगळा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर काढला. रिटायर झाल्यावर माणसं दुपारी झोपतात, हे लिहायला बसले. पुस्तकाचं नाव 'नळाला पाणी येईपर्यंत'. कुणी छापेना, तेव्हा स्वतःच छापून घेतलं. पुस्तक चांगलं आहे. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर लगेच दुसरं लिहायला घेतलं असतं. पण चांगलं आहे. पहाटे व्हॉल्व्ह उघडला की पाइपातून आधी नुसती हवा सुस्कारे टाकत येते आणि मग पाणी, ते वाचताना हा माणूस इतकी वर्षं काय करत होता ते मला पहिल्यांदा कळलं. संसार माझ्याशी केला आणि सांगितलं कागदाला!

एवढं असून वाचलं कुणी? नातेवाइकांनी घेतलं ते भिडेखातर. पंपहाऊसवरच्यांनी घेतलं ते स्वतःचं नाव शोधायला. बाकीचे गठ्ठे आमच्या पलंगाखाली आहेत, केर काढताना झाडू त्यांनाच अडतो.

आणि आता हे फुप्फुसांचं. क्लोरीनच्या टाक्यांशेजारी दिवस काढले, त्याचं हे फळ. डॉक्टरांनी मला आणि मोठीला बाहेर बोलावून सांगितलं, सुधारणा होईल असं धरून चालू नका, आहे ते जपा. दार उघडं होतं, ह्यांनी आतून सगळं ऐकलं. घरी येताना मोठीने विचारलं, "बाबा, तुम्हाला काय हवंय?" तिला वाटलं होतं, कुठे हवा बदलायला जाऊ म्हणतील. हे म्हणाले, "पुस्तक लोकांनी वाचलं पाहिजे." म्हणून ही जाहिरातवाली. मोठीच्या ओळखीची.

"दुकानाचं पान," मोठी शेवटी म्हणाली. "दुसरं कुठलं?"

दुकान म्हणजे ते इंटरनेटवरचं मोठं दुकान, जिथे बादलीपासून दुर्बिणीपर्यंत सगळं मिळतं. तिथे पुस्तकाचं एक पान आहे. मुखपृष्ठ, किंमत, लोकांनी दिलेल्या चांदण्या आणि विकत घ्यायचं बटण.

"आमच्या धाकट्याने केलेलंही एक पान आहे," हे म्हणाले.

जाहिरातवालीने ते उघडलं. मला ते बघायची गरज नव्हती, पाठ आहे. वर जुन्या पंपाचा फोटो, धाकट्याने स्वतः जाऊन काढलेला. फोटोच्या कडेला ह्यांचा हात आलाय, मनगटापर्यंत. त्याखाली पुस्तकाबद्दल थोडं, त्याखाली पहिलं प्रकरण, आणि सगळ्यात शेवटी एक चौकट: 'लेखकाला लिहा'.

"सुंदर केलंय," ती म्हणाली. "पण उघडायला वेळ लागतो. आणि इथे विकत घ्यायची सोय नाही, इथून परत दुकानातच जावं लागतं. लोक एवढं थांबत नाहीत हो काका. हे पान कुणाच्या ताब्यात आहे?"

"माझ्या भावाच्या," मोठी म्हणाली. "आणि भाऊ आमच्या ताब्यात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे संपर्क नाही. नंबर बदलला, शहर बदललं, ऑफिस बदललं. कुठे आहे माहीत नाही. पानाच्या पत्त्याचं दरवर्षी भाडं भरावं लागतं, ते तोच कुठूनतरी भरतो, म्हणून पान चालू आहे. एवढीच खबर."

"मग तर नकोच. दुसऱ्याच्या भिंतीला आपलं कॅलेंडर कशाला लावायचं? उद्या त्याने पान बंद केलं तर जाहिरात गेली पाण्यात."

ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "पानावर किती माणसं आली, ते कळतं का?"

"ज्याचं पान, त्याला सगळं कळतं. किती आले, कुठल्या गावाहून आले, किती वेळ थांबले."

"त्याला कळेल?"

"त्याने बघितलं तर. एकदम गर्दी झाली तर त्याला आपोआप निरोपही जातो."

ह्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं आणि मला सगळं समजलं. इतके महिने तो चेहरा राखेसारखा होता, त्यावर रंग आला. "मग धाकट्याचंच पान," म्हणाले.

"काही नको!" मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असणार, कारण शेजारच्या टेबलावरच्या माणसाने कानातला इअरफोन काढून बघितलं. "त्या बाईंना कळतंय ना काय ते? दुकानाचं पान करा. पुस्तक खपायला हवंय का मिरवायला?"

"आई बरोबर बोलतेय," मोठी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली असेल.

पण तिचं कारण वेगळं होतं आणि माझं वेगळं.

धाकटा का गेला, ते सांगते. पुस्तक हाताने लिहिलेलं होतं, ते कॉम्प्युटरवर त्यानेच उतरवलं. संध्याकाळी कामावरून यायचा आणि बसायचा. बापाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण त्याला लागायचं. मधूनमधून हसायचा, "आई, हे खरंच असं झालं होतं?" विचारायचा. इतकं चांगलं त्या दोघांचं कधी जमलं नव्हतं. आणि मग ते प्रकरण आलं, 'आमचे इंजिनियर'.

धाकटा कॉलेजच्या शेवटच्या परीक्षेत नापास झाला होता आणि घरी पास झालो म्हणाला होता. ह्यांनी अख्ख्या पंपहाऊसला मिठाई वाटली. साहेबांना नेऊन दिली, गेटवरच्या रखवालदाराला दिली, कुणी रजेवर होता त्याच्या घरी पोचवली. पुढे काही महिन्यांनी खरं बाहेर आलं. तेव्हापासून पंपहाऊसवर त्याचं नाव पडलं 'इंजिनियर', आणि ह्यांनी ते पुस्तकात घातलं. हसून हसून मुरकुंडी वळेल असं लिहिलंय. वाचणारा प्रत्येक जण त्याच प्रकरणाबद्दल बोलतो.

"हे काढा," धाकटा म्हणाला.

"का? खोटं आहे का?"

"खरं आहे म्हणूनच काढा."

"अरे, मजेशीर आहे ते. तुझ्यावर राग थोडाच आहे माझा? आता तर तू चांगला कमावतोस. जुनी गोष्ट."

बापाची आणि मुलाची, दोघांची मान एकाच घाटाची, वाकेल तर शपथ. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. मी म्हटलं, अहो, पोराला लागतंय, काढा की चार पानं. तर मला म्हणाले, "तुला साहित्यातलं काय कळतं?" मला साहित्यातलं कळत नाही. पोरातलं कळतं.

धाकट्याने ते प्रकरण उतरवलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. पुस्तक छापून आलं, त्याने पान तयार केलं, बापाला दाखवलं, "असं चालेल?" विचारलं. आणि मग गेला. निघताना मला म्हणाला, "आई, पुस्तक चांगलं झालंय. मी त्यात नसतो तर आणखी चांगलं झालं असतं."

मला वाटलं, रागावलाय, येईल. मोठीने सुरुवातीला त्या चौकटीतून त्याला लिहिलं, कारण तिथे लिहिलेलं त्याच्याच मेलवर जातं. 'आई रडते, फोन कर,' असं काहीतरी. उत्तर नाही. चिडून तिने तो नाद सोडला. हे तर कधी लिहिणारच नव्हते. "लेखकाला लिहा म्हणजे मलाच ना? मी मला काय लिहू?" वर पुन्हा म्हणायचे, "वाचकांची पत्रं आली तर तो पाठवेलच माझ्याकडे. येतच नाहीत, काय करणार."

येत होती हो. मी लिहीत होते.

दुपारी हे झोपले की मी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात बसायची. 'लेखकाला लिहा' मध्ये लिहायची. नाव मागतात तिथे 'एक वाचक भगिनी'. उघड आई म्हणून लिहिलं असतं तर मोठीचं झालं तसंच झालं असतं. वाचक म्हणून लिहिलं की कुणाला ओझं नाही. 'आपले पुस्तक फार आवडले. लेखकांच्या घरासमोरचे झाड यंदा कापले असे ऐकले. लेखकांच्या पत्नीचे गुडघे दुखतात, पण जिना चढता येतो. लेखकांच्या मुलीला बढती मिळाली असे समजते.' असलं सगळं. त्याला काय कळलं नसेल? दगड तर नाही तो. पाठवलं की पानावर ओळ यायची, 'धन्यवाद! लेखक लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.' लेखक आतल्या खोलीत घोरत असायचा. पण ती ओळ धाकट्याने लिहिलेली होती, धन्यवाद त्याचं होतं, आणि ते मला दर वेळी मिळत होतं. हसा हवं तर.

ह्यांचा आजार कळला तेव्हा मोठी म्हणाली, "आई, तू त्या चौकटीतून लिहीत असतेस ना? बाबांचं कळव. पोचलं तर पोचलं." मी हो म्हटलं. बसले लिहायला. 'लेखक आजारी आहेत' इतकं लिहिलं आणि बोट पुढे जाईना. कळवलं, त्याने वाचलं, आणि तरीही तो आला नाही, तर? मग माझ्या हातात काय उरेल? आज निदान असं तरी म्हणता येतं, की त्याला माहीत नाही म्हणून येत नाही. मी ते पुसलं आणि लिहिलं, 'लेखकांची तब्येत उत्तम आहे.' दर वेळी तेच लिहीत गेले.

म्हणून मला ते पान जिथे आहे तिथे, जसं आहे तसं, कुणी हात न लावता हवं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या पानावर गर्दी नेऊन, ढोल वाजवून त्याला जागं करायचं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण हे सांगायचं कुणाला? ह्यांना सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

घरी आल्यावर पुन्हा वाद झाला. मोठी पाणी प्यायलाही बसली नाही, उभ्यानेच भांडली. "बाबा, आपण एक महिना जाहिरात करतोय. विक्री दुकानाच्या पानावर होते. त्या पानावर काय होतं?"

"तो बघतो," हे म्हणाले.

"तो बघत असता तर आला नसता का?"

"त्याला वाटत असेल, बापाचं पुस्तक पडलं. पडलेल्या पुस्तकाचं पान सांभाळतोय बिचारा. लोक यायला लागले की त्याला बरं वाटेल. आपल्या पानावर माणसं येतायत म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही?"

एवढं बोलून त्यांना धाप लागली. नळी नाकात नीट बसवायला मी वाकले, तर माझा हात धरून म्हणाले, "त्याला एवढंच कळू दे गं, की वाचतायत." आता ह्याच्यापुढे काय बोलणार? मी सरळ सांगते, मला त्या वेळी ह्यांची दया आली आणि दया आली की माझी अक्कल गहाण पडते. म्हटलं, करा बाबा तुमच्या मनासारखं.

पण खरा घोटाळा पुढेच झाला. जाहिरातीत पुस्तकातल्या दोन ओळी घालायच्या होत्या, वाचणारा थांबावा म्हणून. जाहिरातवालीने फोनवर विचारलं, "लोकांना सगळ्यात काय आवडतं?"

"आमचे इंजिनियर!" हे म्हणाले. विचारसुद्धा केला नाही.

"अहो!" मी म्हटलं.

"काय अहो? सगळे त्याचीच तारीफ करतात. आणि त्यालाही कळेल की लोकांना पुस्तकात सगळ्यात तोच आवडतो."

"त्याने ते काढा म्हणून सांगितलं होतं. त्याच्यावरून तो घर सोडून गेला."

"त्याच्यावरून नाही गेला. नोकरीसाठी गेला. तू उगाच काहीतरी धरून बसतेस." मग म्हणाले, "प्रेमाने लिहिलंय ते. प्रेमाने लिहिलेलं कळत नाही का माणसाला?"

पालथ्या घड्यावर पाणी. आयुष्यभर लोकांच्या घरी पाणी पोचवलं, स्वतःच्या पोराच्या घशाला काय कोरड पडली ते ह्यांना दिसत नव्हतं. मी मोठीला म्हटलं, तू तरी सांग. ती म्हणाली, "आई, मला कंटाळा आलाय. करू दे त्यांना."

जाहिरात निघाली. मोठीने मोबाइलवर दाखवली. वर पंपाचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात: 'आमचे इंजिनियर नापास झाले, त्या दिवशी मी सगळ्या पंपहाऊसला मिठाई वाटत होतो.' आणि त्याखाली, 'पुढे वाचा'. ह्यांनी मोबाइल हातात घेऊन तीनतीनदा वाचली. "झकास!" म्हणाले. शेजारच्या फार्मसीवाल्याला बोलावून दाखवली. फार्मसीवाला खो खो हसला. "काका, हा इंजिनियर म्हणजे तुमचा मुलगा का?" "दुसरा कोण!" हे म्हणाले. छाती फुगवून म्हणाले, जेवढी फुगते तेवढी.

ते दिवस ह्यांचे चांगले गेले. नाही म्हणणार नाही मी. जाहिरातवाली फोन करून सांगायची, की इतक्यांनी बोट लावलं, आणि पुढे तक्रार जोडायची, की विक्री मात्र जेमतेम आहे, लोक त्या पानावर येतात आणि तिथूनच मागे जातात. विक्रीचं ह्यांना सोयरसुतक नव्हतं. "आले ना? पानावर आले ना?" एवढंच विचारायचे. मग डोळे मिटून पडायचे. "बघत असेल," म्हणायचे. दाराची घंटा वाजली की ऑक्सिजनचं मशीन क्षणभर बंद करायला सांगायचे, कोण आलंय ते ऐकू यावं म्हणून. कधी दूधवाला असायचा, कधी मीटर बघणारा. मी दुपारी मोबाइल उघडून पान आहे ना, चौकट आहे ना, बघून घ्यायची. लिहायचा धीर होत नव्हता. त्या मिठाईच्या ओळीखाली मी काय लिहिणार होते, झाड कापलं म्हणून?

मग एक दिवस पान उघडलं आणि ते उघडलंच नाही. म्हणजे उघडलं, पण दुकान उघडलं. मला वाटलं, बोट चुकलं. पुन्हा केलं. पंपाचा फोटो यायच्या आधीच दुकान. मुखपृष्ठ, किंमत, चांदण्या. मी मोठीला फोन लावला. ती ऑफिसमधून तशीच आली, बूट न काढता ह्यांच्या खोलीत गेली, आपल्या फोनवर करून बघितलं आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"त्याने वळवलंय," ती म्हणाली. "त्या पत्त्यावर जो कुणी जाईल तो सरळ दुकानात पोचेल. पान काढून टाकलंय त्याने."

"म्हणजे बघितलं त्याने!" हे उठून बसले. खरंच सांगते, टाळी वाजवली ह्यांनी. "बघितलं ना? मी म्हणत होतो! त्याच्या लक्षात आलं, की इथून विक्री होत नाही, तिथून होईल. माझ्या भल्यासाठी केलं बघ त्याने. ती बाई म्हणत होती तेच केलं पोराने. हुशार आहे! फोन नाही केला, पण काम केलं."

मोठीचा तोल गेला. इतके दिवस दाबून ठेवलं होतं पोरीने.

"भल्यासाठी? बाबा, त्याने तुमचं तोंड बघायला नको म्हणून केलंय हे! आईने त्याला सगळं कळवलं होतं. तुमचा आजार, डॉक्टर काय म्हणाले ते, सगळं. त्या चौकटीतून. बाप अंथरुणाला खिळलाय हे वाचून बसलाय तो. तरी आला नाही. आणि आता ती चौकटही काढून टाकली!"

हे माझ्याकडे वळले.

"तू कळवलं होतंस?"

हो म्हणता आलं असतं. मोठीसमोर माझी लाज राहिली असती. पण मग ह्यांच्या मनात पोरगा कायमचा असा राहिला असता, बाप आजारी आहे कळूनही न आलेला. ते मला सोसवेना.

"नाही," मी म्हटलं.

"आई!" मोठी म्हणाली.

"लिहीत होते. तुमच्या आजाराचं नाही लिहिलं."

"मग माझ्याबद्दल काय लिहायचीस?"

"तब्येत उत्तम आहे, असं लिहायची."

हे रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं झालं असतं, ह्यांच्या रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे. उशीला टेकले, नाकातली नळी सारखी केली.

"धडधाकट बापाशी माणूस भांडण चालू ठेवतो गं," म्हणाले. "त्याला वाटतं, वेळ आहे."

मग भिंतीकडे तोंड करून निजले. मोठी उठून बाल्कनीत गेली. माझ्याशी बोलली नाही, अजूनही नीट बोलत नाही, आणि तिचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन मोबाइल उघडला. आता लिहिणार होते, सगळं खरं लिहिणार होते. त्याच्या पत्त्यावर बोट लावलं, दुकान आलं. वरपासून खालपर्यंत सरकवलं. विकत घ्या, भेट म्हणून पाठवा, ह्याच्यासारखी इतर पुस्तकं, आणि अगदी तळाला 'अभिप्राय लिहा'. तेवढी एकच जागा होती. आधी चांदण्या दिल्याशिवाय पुढे जाता येईना, म्हणून पाच दिल्या. मग लिहिलं, 'बाळा, बाबा फार आजारी आहेत. मी आधी खोटं लिहिलं होतं. ते तुझी वाट बघतायत. लवकर ये. आई.' आणि पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं उत्तर आलं. तुमचा अभिप्राय प्रसिद्ध करता येत नाही, असं लिहिलं होतं. अभिप्राय फक्त वस्तूबद्दल असावा.